पेढीवरील चोरी आणि मालकाचे कर्तव्य

व्यापाऱ्यांच्या बैठकीत कर, भाव, उधारी, मालाची आवक या सर्व विषयांवर मोकळेपणाने चर्चा होते. परंतु आपल्याच दुकानातील नोकराने केलेल्या अपहाराचा विषय निघाला की आवाज आपोआप खाली येतो. पेढीची अब्रू जाईल ही एक भीती, आणि लोक आपल्या गाफीलपणाला हसतील ही दुसरी. परिणामी मांडवीतील एका दुकानाला बसलेला फटका रावपुऱ्यातील दुसऱ्या दुकानाला कधी कळत नाही, आणि त्याच रीतीची चोरी त्याच शहरात पुनःपुन्हा होत राहते.

याविषयी आपली एक समजूत फार जुनी आहे. संशय नेहमी हमालावर, झाडलोट करणाऱ्या पोऱ्यावर, नाहीतर काल-परवा कामास लागलेल्या मुलावर जातो. हातीखान्यातील गोणीतून शेर-दोन शेर धान्य गेले, किंवा ताग्याचा शेवटचा तुकडा नाहीसा झाला, तर त्याचा गवगवा होतो. परंतु पेढी बुडते ती अशा चोरीने नव्हे. ज्याच्या हाती किल्ली आहे, वही आहे आणि मालकाचा पूर्ण विश्वास आहे, त्याच्याच हातून पेढ्या बुडाल्या आहेत.

याचा सर्वांत मोठा दाखला याच नगरीत घडला. हरिभक्ती हे नाव आज आपण एका वसाहतीच्या नावामुळे सहज उच्चारतो. पण एकेकाळी ती गायकवाड सरकारला कर्ज पुरविणारी मातबर सावकारी पेढी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या घराण्यातील पुरुष वारल्यावर त्यांची विधवा जोइताबाई हिच्या हाती पेढी यावयाची, ती तिच्या कारभाऱ्याच्या हाती गेली. दरबारातील व रेसिडेन्सीतील माणसे त्याने हाताशी धरली, आणि मालकीणच दाद मागत फिरू लागली. रेसिडेंट जेम्स औट्रम याने हे प्रकरण धसास लावले. १८५१ साली त्याने मुंबई सरकारला सादर केलेला लाचलुचपतीचा अहवाल ‘खटपट’ या आपल्या शब्दानेच इतिहासात ओळखला जातो. त्या कामगिरीचे बक्षीस म्हणून त्याला बडोदे सोडावे लागले. तो परत आला तो १८५४ साली. कारभाऱ्याचे नावही इतिहासाने नोंदविले आहे, पण त्याचा येथे उपयोग नाही. उपयोग आहे तो एका प्रश्नाचा: इतक्या मोठ्या पेढीची वही घरातील आणखी कोणाला वाचता येत होती काय?

हा प्रश्न आजही आपल्या घरांना लागू पडतो. कित्येक पेढ्यांत हिशेब मालकाला आणि मुनिमाला, एवढ्या दोघांनाच ठाऊक असतो. मालक आजारी पडला की तो एकट्या मुनिमाला. चोपडापूजनाच्या दिवशी वहीवर कुंकू वाहणाऱ्या गृहिणीला तीच वही उघडून वाचता आली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलींना आपण वाणिज्याची पदवी देतो आणि घरच्या खतावणीपासून मात्र दूर ठेवतो, यात शहाणपण कसले?

नोकर चोरी का करतो, याचा शोध डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तुरुंगातील अपहारकर्त्यांच्या मुलाखती घेऊन केला व १९५३ साली तो ग्रंथरूपाने मांडला. त्याला आढळले की यांतील बहुतेक माणसे मुळात विश्वासू होती. त्यांच्यावर पैशाची अशी एखादी अडचण आली की जी कोणापाशी बोलता येईना. हाताशी संधी होती. आणि ‘मी हे उसने घेत आहे, पुढे भरून टाकीन’ अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मला यातील पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलीचे लग्न, घरातील आजारपण, सट्ट्यात झालेले देणे, हे सांगण्यास नोकर आपल्या मालकापुढे येऊ शकतो काय? पूर्वी पेढीवर उचल देण्याची वहिवाट होती. ती रीतसर वहीत लिहिली जाई आणि पगारातून हप्त्याने वळती होई. ही वहिवाट आपण हळूहळू बंद केली. ज्याला शंभर रुपये मागण्याची सोय नाही, त्याचा हात गल्ल्याकडे जाण्याची भीती अधिक.

येथे आपल्या शास्त्राकडे पाहिले तर आश्चर्य वाटते. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरी करविणे व चोरीचा माल घेणे यांच्या बरोबरीने राज्याचे नियम ओलांडणे, खोटी मापे ठेवणे आणि भेसळ करणे हेही आहेत. हे तीनही दोष गादीवर बसणाऱ्याचे, काउंटरमागे उभ्या असणाऱ्याचे नव्हेत. अहिंसाव्रताच्या अतिचारांत तर आश्रितावर अतिभार लादणे आणि त्याच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे यांची गणना आहे. ज्या पोऱ्याला मालकाने गज आखूड धरावयास शिकविले, त्याला चोरीचा पहिला धडा कोणी दिला? मालकाने दोन वह्या ठेवल्या की मुनीम तिसरी ठेवतो; आणि त्याला पोलिसांत देण्याची मालकाला छाती होत नाही, कारण दुसऱ्या वहीचे अक्षर मुनिमाचेच असते.

याचा अर्थ केवळ सद्भावनेवर विसंबावे असा नव्हे. १८७९ साली अमेरिकेतील डेटन गावच्या जेम्स रिटी नावाच्या गुत्तेवाल्याने आपल्या नोकरांच्या हातचलाखीला कंटाळून रक्कम नोंदविणारे यंत्र बनविले; गल्ल्याची घंटा त्याच कल्पनेतून आली. हेतू एवढाच की प्रत्येक व्यवहार दुसऱ्या कोणाला तरी कळावा. आज गल्ल्यात रोकड कमी आणि मोबाइलवर पैसे अधिक येतात. तेव्हा दुकानातील क्यूआर कोडवर दुसराच कोड चिकटविला जातो, आणि गिऱ्हाइकाचे पैसे परस्पर भलत्याच खात्यात जमा होतात. रोज सकाळी दुकान उघडताना आपणच एक रुपया पाठवून पाहणे, यास कितीसा वेळ लागतो? रोकड घेणारा आणि वही लिहिणारा हे दोघे भिन्न असावेत. मालाची मोजणी मार्चअखेर एकदाच न करता, पूर्वसूचना न देता, दरमहा एखाद्या वाणाची करावी. आणि रोखपालाला वर्षातून काही दिवस सक्तीने रजा द्यावी. याच शहरात १९०८ साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोद्यासारख्या बँकांत जबाबदारीच्या जागेवरील सेवकांना अशी सक्तीची रजा घ्यावी लागते. आपण मात्र ‘वीस वर्षांत एक दिवसही खाडा नाही’ म्हणून मुनिमाचा सत्कार करतो! तो प्रामाणिक असेलही. पण ज्याच्या जागी आठ दिवस दुसरा बसूच शकत नाही, त्याचा हिशेब कोणी तपासला आहे?

दाराशी उभे करून रोज अंगझडती घेण्याची प्रथा मात्र मला अगदी अमान्य आहे. तिने चोर क्वचित सापडतो आणि दहा प्रामाणिक माणसे रोज अपमानित होतात.

चोरी उघडकीस आली तर काय करावे? नोकराने केलेली चोरी, विश्वासघात व हिशेबातील खोटेपणा यांसाठी जुन्या दंडसंहितेत ३८१, ४०८ व ४७७-अ ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३०६, ३१६(४) व ३४४ ही आहेत, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत होऊ शकते. पण आपल्यात बहुधा तिसराच मार्ग पत्करला जातो: रकमेवर पाणी सोडावयाचे, माणसाला गुपचूप काढावयाचे, आणि ‘कामात हुशार, वर्तन चांगले’ असे पत्र त्याच्या हाती द्यावयाचे. ते पत्र घेऊन तो घडियाळी पोळेतल्या शेजारच्या पेढीवर जातो. दया करावयाची असेल तर अवश्य करावी. त्याची बाजू ऐकावी, परतफेडीचा करार लेखी करावा, केवळ संशयावरून कोणाचे नाव बाजारात उडवू नये. मात्र त्याच्या हातातील पत्र खरे असावे. आणि खरे लिहिण्याचे मन होत नसेल, तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो कामास होता, एवढेच त्यात लिहावे.