दर्जा की पंक्तिभेद?

निशातगंजमध्ये भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक आधी विचारतो, "पढ़ते कहाँ हो?" उत्तर 'लखनऊ युनिवर्सिटी' असेल तर लगेच दुसरा प्रश्न येतो, "कैंपस में, कि कॉलेज में?" माझा खोलीतला सोबती हरदोई जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून बी.ए. झाला. त्याच्या पदवीवर लखनौ विद्यापीठाचाच शिक्का आहे. तरी "कॉलेज से" म्हणताना त्याचा आवाज खाली जातो. घरातला तो पहिला पदवीधर. गावाकडे आईबापाने ती पदवी काचेत घालून भिंतीवर लावली आहे. इथे, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तो ती लपवतो.

हा लेख त्या खाली गेलेल्या आवाजाबद्दल आहे. पदवी तीच आणि शिक्काही तोच असताना तिची किंमत दोन प्रकारची कशी होते?

लखनौ विद्यापीठात 1921 साली शिकवणं सुरू झालं. पुढची शंभर वर्षं ते प्रामुख्याने शहराचं विद्यापीठ होतं. निशातगंजचं करामत हुसेन मुस्लिम गर्ल्स कॉलेज, पलीकडच्या चौकातलं इझाबेला थॉबर्न कॉलेज अशी शहरातली कॉलेजं त्याला जोडलेली असत. 2021-22 च्या सत्रापासून उत्तर प्रदेश सरकारने हरदोई, सीतापूर, लखीमपूर खिरी आणि रायबरेली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं कानपूरच्या छत्रपती शाहूजी महाराज विद्यापीठाकडून काढून लखनौला जोडली. कॉलेजांची संख्या पाचशेच्या वर गेली. तेव्हा शहरातल्या सुशिक्षितांमध्ये एक सूर लागला, तो आजही ऐकू येतो: आता विद्यापीठाचा दर्जा घसरणार.

हा सूर नेमका कुणाविषयी आहे, ते जनगणना सांगते. 2011 च्या मोजणीनुसार सीतापूर, हरदोई आणि रायबरेलीत अनुसूचित जातींची लोकसंख्या तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आहे. राज्याची सरासरी सुमारे एकवीस टक्के. म्हणजे 'दर्जा घसरणार' या वाक्यात ज्यांची भीती व्यक्त होते, ती आपलीच पोरं आहेत. जात न उच्चारता जातीबद्दल बोलायची सोय म्हणजे 'दर्जा' हा शब्द.

प्रत्यक्षात काय झालं? जुलै 2022 मध्ये, म्हणजे ही कॉलेजं आल्यानंतर, नॅकने लखनौ विद्यापीठाला ए प्लस प्लस श्रेणी दिली. हरदोईच्या पोरांमुळे काही बुडालं नाही. पण त्यांना काही मिळालंही नाही. नॅक विद्यापीठाला श्रेणी देते तेव्हा विद्यापीठाचे स्वतःचे विभाग बघते. संलग्न कॉलेजांचं मूल्यांकन वेगळं होतं, आणि कॉलेजने अर्ज केला तरच होतं. त्यामुळे फलकावर झळकणारी श्रेणी कॅम्पसची असते. संलग्नता शुल्क आणि परीक्षा शुल्क भरणारा विद्यार्थी मात्र जिल्ह्यातला असतो. पैसा एकाचा, मान दुसऱ्याचा. गावगाड्यात राबणारा कोण आणि मिरवणारा कोण, हे ज्यांच्या आजोबांनी पाहिलंय त्यांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या भाषेत यासाठी जुना शब्द आहे, पंक्तिभेद. पंगतीत वाढलेलं अन्न एकाच भांड्यातलं असतं. तरी कोण कुणाच्या शेजारी बसलं यावरून माणसाची पायरी ठरते. विद्यापीठांचंही तेच. एखादं कॉलेज काय शिकवतं, कुणाला शिकवतं, विद्यार्थी कुठून कुठवर पोहोचला, हे कुणी मोजत नाही. ते कुणाच्या पंगतीत आहे एवढंच पाहिलं जातं. बाबासाहेबांनी जातीचं वर्णन श्रेणीबद्ध विषमता असं केलं होतं. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असतं, म्हणून प्रत्येकाला ही उतरंड टिकवावीशी वाटते. शहरातल्या कॉलेजचा विद्यार्थी कॅम्पसवाल्यापुढे बुजतो आणि हरदोईवाल्यापुढे ताठ होतो.

हा रोग फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेत विद्यापीठं खेळांच्या स्पर्धांसाठी गट करतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. हे गट मैदानासाठी जन्मले, पण कालांतराने ती विद्वत्तेची पंगत झाली. ज्या 'आयव्ही लीग'चं नाव घेऊन आपल्याकडे लोक छाती फुगवतात, तो मुळात आठ विद्यापीठांनी 1954 साली खेळांसाठी केलेला करार आहे. बाबासाहेब कोलंबियात शिकले 1913 ते 1916. कोलंबियाने त्यांना मानद पदवी दिली 1952 मध्ये. म्हणजे 'आयव्ही लीग' या अधिकृत लेबलाचा त्यांच्या विद्वत्तेशी काडीचा संबंध नव्हता. आज मात्र त्यांची थोरवी सांगतानाही काहींना ते लेबल आधी आठवतं.

त्याच अमेरिकेत काळ्या कॉलेजांना गोऱ्यांच्या गटांत जागा नव्हती, म्हणून त्यांनी 1912 मध्ये स्वतःची संघटना उभी केली. दक्षिणेतल्या बलाढ्य 'साउथईस्टर्न' गटात फुटबॉलच्या मैदानावर पहिला काळा खेळाडू उतरायला 1967 उजाडावं लागलं. आणि अलीकडचं बघा. 2022 पासून टीव्हीच्या पैशामागे धावत पश्चिम किनाऱ्यावरच्या 'पॅक-12' या गटातली दहा विद्यापीठं एकामागून एक बाहेर पडली. किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड आणि बर्कली ही नामांकित विद्यापीठं 'अटलांटिक' नावाच्या गटात जाऊन बसली. मागे उरली दोन, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही छोट्या गावांतली, शेतकी शिक्षणासाठी सरकारी जमिनीच्या जोरावर उभी राहिलेली. त्यांच्या वर्गांत रातोरात काही बिघडलं नव्हतं. तरी ती 'उरलेली' ठरली. जाणारे जाताना प्रतिष्ठा सोबत नेतात आणि राहिलेल्यांच्या कपाळावर 'कमी दर्जा' असं लिहून जातात.

आता मुंबईकडे या. 2019 मध्ये एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही सरकारी कॉलेजं मुंबई विद्यापीठातून वेगळी होऊन डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. 2020 मध्ये के.सी. आणि एच.आर. कॉलेजं मिळून एचएसएनसी विद्यापीठ झालं. एल्फिन्स्टनमध्ये बाबासाहेब शिकले, सिडनहॅममध्ये त्यांनी शिकवलं. त्यांनीच 1946 मध्ये नोकरी करून शिकणाऱ्या कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी सिद्धार्थ कॉलेज काढलं. ते मात्र जुन्याच पंगतीत राहिलं. एकाच माणसाच्या आयुष्यातली तीन कॉलेजं आज अशी दोन ताटांत वाढलेली आहेत.

यावर उत्तर ठरलेलं असतं: विद्यापीठं फार मोठी झाली आहेत, कारभार झेपत नाही. हे खोटं नाही. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्यात कित्येकांचे पुढचे प्रवेश अडकले. त्याचा फटका सर्वांत जास्त त्यांनाच बसला ज्यांच्याकडे वर्ष वाया घालवायला पैसे नव्हते. विद्यापीठ लहान करायला, जवळ आणायला आपला विरोध नाही. प्रश्न हा आहे की वेगळं कोण होतं आणि कशासाठी. दूरच्या तालुक्यातल्या मुलीचा एसटीचा प्रवास वाचावा म्हणून केलेली विभागणी वेगळी. चांगल्या इमारती, जुनी ग्रंथालयं आणि नावाजलेले प्राध्यापक घेऊन वरच्यांनी वरच्यांसोबत बसावं म्हणून केलेली विभागणी वेगळी. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धतच संपवायची आहे. ज्यांची ऐपत आहे ती कॉलेजं स्वायत्त होतील. पण जिथे मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन-तीन विषय ओढतात, ती कॉलेजं कुणाच्या भरवशावर स्वायत्त होणार?

या बाबतीत मराठवाड्याला जेवढं कळतं तेवढं कुणाला कळू नये. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. सोळा वर्षं लढा चालला. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेड, लातूर, परभणीसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळं झालं.

मी त्याच नांदेडच्या विद्यापीठाचा पदवीधर आहे. स्वामीजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते होते, त्यांच्या नावाशी माझं भांडण नाही. विद्यापीठ जवळ आल्याचा फायदा माझ्यासारख्यांना झाला, हेही खरं. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. ज्या जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले, ज्या शहरात गौतम वाघमारे जळाले, तिथल्या पोरांच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव नाही. किंमत नांदेडने मोजली आणि नाव औरंगाबादेत राहिलं. सोयीचं कारण खरं असतानाही त्याच्या आडून सवर्णांना नको असलेली पदवी टाळता येते, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून 'प्रशासकीय सोय' आणि 'दर्जा' हे शब्द ऐकले की कान टवकारायचे.

गंमत म्हणजे आपल्या देशातल्या खेळांनी यापेक्षा बरा नियम पाळला आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा भूगोलावर उभ्या आहेत. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचा संघ उतरला तर मुंबईला त्याच्याशी खेळावंच लागतं. 'आमच्या तोलाचे नाहीत' म्हणून वेगळा गट काढता येत नाही. मैदानावर श्रेणी विचारत नाहीत, गुण मोजतात. पण इथेही बाजार घुसतोय. 2024 ची मौलाना आझाद ट्रॉफी चंदीगड विद्यापीठ या खासगी विद्यापीठाने जिंकली. खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन आपल्याकडे ओढण्याची ताकद असलेल्यांपुढे, जिथे खेळाचा तास घ्यायला शिक्षक नाही ते तालुक्याचं कॉलेज कसं टिकणार?

मग मागायचं काय? पहिलं, विद्यापीठाची श्रेणी ठरवताना त्याच्या संलग्न कॉलेजांची अवस्था मोजा. रिकामी पदं, ग्रंथालय, वसतिगृह, मैदान, सगळं. ज्यांच्या शुल्कावर विद्यापीठ चालतं त्यांना वगळून मिळालेला ए प्लस प्लस ही अर्धी गुणपत्रिका आहे. दुसरं, जे कॉलेज सरकारी पैशावर मोठं होऊन पंगत सोडतं, त्याने ग्रंथालय आणि प्रयोगशाळा शेजारच्या कॉलेजांना खुली ठेवली पाहिजे. ही त्याची देणगी नव्हे, देणं आहे. तिसरं, दर्जा मोजायचाच तर अंतर मोजा. ज्याच्या घरात चार प्राध्यापक आहेत त्याला पदवीपर्यंत नेणारं कॉलेज, आणि ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात निंदणी करते त्याला पदवीपर्यंत नेणारं कॉलेज, यांत जास्त काम कुणी केलं?

चौथी गोष्ट सरकारकडे नाही, स्वतःकडे मागायची. आपण आपल्या कॉलेजचं नाव गिळतो. बायोडेटामध्ये शेवटची मोठी संस्था ठळक लिहितो आणि पहिली बारीक अक्षरात. मीही हे केलंय. मुलाखतीत "नांदेड म्हणजे नेमकं कुठे?" असं विचारल्यावर घाईघाईने लखनौचं नाव पुढे केलंय. ज्या संस्थेने आपल्याला पहिल्यांदा आत घेतलं तिचं नाव लपवणं म्हणजे पंगतीचा नियम आपणच पाळणं.

मागच्या आठवड्यात खोलीवर नवा मुलगा आला, लखीमपूरचा. घरमालकाने ठरलेला प्रश्न विचारला. तो काही बोलायच्या आत माझा हरदोईचा सोबतीच म्हणाला, "कॉलेज से। मैं भी कॉलेज से हूँ, चाचा।" आवाज खाली गेला नाही.