नाच बंद, ट्यूशन सुरू



पर्युषणात मंगलाचरणाला आपल्याच मुली नाचतात आणि आपणच पुढे बसून मोबाइलवर व्हिडिओ काढतो. मुलगी नववीत गेली की मात्र सगळ्यात आधी बंद होतो तो नाचाचा क्लास. थोरलीच्या वेळी मीही हेच केलं. मार्क चांगले पडले, पण पोर दिवसभर खुर्चीत वाकून बसायची, तिची चालसुद्धा बदलली. ते मला अजून सलतं.

म्हणून धाकटीचं कथक चालू ठेवलंय. परवा पोळ्या लाटताना बघते तर ही बोटांवर मोजतेय. म्हटलं, गणित का गं? म्हणाली, "तिहाई बसवतेय." तीनतालाच्या 16 मात्रा, तेच बोल तीनदा घेऊन शेवटची थाप बरोबर समेवर पडायला हवी. झपतालाच्या 10, त्याही दोन-तीन-दोन-तीन अशा. चुकलं की पायालाच कळतं, लाल पेन लागत नाही.

आपल्या शहरात महागामी गुरुकुल 1996 पासून कथक आणि ओडिसी शिकवतंय, तरी आपल्याकडे नाच म्हणजे 'हौस'च.

सासूबाई म्हणतात, नाचाने राग-मोह वाढतो. पण ऋषभदेवांना वैराग्य आलं ते नीलांजनेचं नृत्य पाहतानाच ना! आणि मुलग्यांचं काय? आपल्या ग्रंथांत पुरुषांच्या 72 कला सांगितल्यात, त्यांत नृत्यही आहे.

रविवारी पुतण्यालाही क्लासला नेईन म्हणतेय. जाऊबाई अजून "बघू" वरच आहेत.