चाक आणि चाकोरी

आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात सध्या पिकअपला रुंद चाकं बसवायची टूम निघाली आहे. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मुंबईच्या मोठ्या गाड्या समुद्रावरून थेट इकडे उतरू लागल्या. त्यांची मडगार्डबाहेर डोकावणारी चकचकीत चाकं पाहून आमच्या पोरांचे डोळे दिपले असावेत, असा आपला माझा अंदाज.

नारळ-सुपारीची वाहतूक करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला विचारलं, "गुरुजी, गाडीला अ‍ॅलॉय टाकू का? चाक जरा बाहेर आलं की काय रुबाब दिसतो!" आता मी पडलो मराठीचा मास्तर, मला गाडी चालवताही येत नाही. पण गुणाकार येतो, आणि या प्रश्नाचं निम्मं उत्तर गुणाकारात आहे.

टायरच्या अंगावर आकडे असतात. समजा, २१५/७५ आर १५ असं लिहिलंय. २१५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के. १५ हा रिमचा इंचातला व्यास. भिंतीची उंची आली सुमारे १६१ मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा धरायची, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवायचे. चाक झालं साधारण ७०३ मिलिमीटरचं. आता त्याच रिमवर २३५/७५ चढवा. उत्तर येतं ७३३. म्हणजे चाक चार टक्क्यांहून थोडं जास्त मोठं झालं. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर साडेबासष्टने पळत असेल. शिवाय चाक जितकं मोठं, तितकं ते फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो. भरलेली गाडी घेऊन कार्ले खिंड चढताना आणि उतरताना तो फरक कळतो.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. रिमची बरोबर मधली रेघ आणि रिम जिथे हबला टेकतो ती जागा, या दोहोंतलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमवर तो 'ईटी ४०' असा कोरलेला असतो. ४० च्या जागी शून्याचा रिम लावला की दोन्ही बाजूंची चाकं प्रत्येकी ४० मिलिमीटर बाहेर येतात. स्पेसर घातला तरी तेच. चार बोटं रुंदी वाढली, त्यात काय एवढं, असं वाटतं. पण भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई विहिरीपासून घरापर्यंत सहज येते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत खांदा भरून येईल. कळशी तीच, पाणी तेच, फक्त अंतर वाढलं. गाडीचा खांदा म्हणजे बेअरिंग. सजवलेली रिकामी गाडी ते सोसेलही. टनभर माल रोज वाहणारी गाडी कशाला सोसेल?

आपल्या जुन्या सुतारांना ऑफसेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण गोष्ट पक्की ठाऊक होती. दोन चाकांमधलं अंतर ते मनाला येईल तसं ठेवत नसत. सगळ्या गाड्यांनी एकाच वाटेवर दोन चर पाडलेले असत आणि नव्या गाडीला त्यातूनच जायचं असे. 'चाकोरी' हा शब्द तिथलाच. आज आपण तो जरा तुच्छतेने वापरतो. पण वाट सगळ्यांची असते, हे त्या शब्दात आहे.

आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. मडगार्ड कशासाठी असतं? चाकाने उडवलेला चिखल आणि खडे मागच्याच्या तोंडावर जाऊ नयेत म्हणून. चाक त्याच्या बाहेर आलं की आषाढात तो सगळा मारा मागून येणाऱ्या स्कूटरवर आणि सायकलवरून शाळेला निघालेल्या मुलीवर. वाडीतल्या अरुंद वाटेत दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे. समोरून कुणी आलं तर त्याने जायचं कुठे? रुबाब एकाचा आणि चिखल दुसऱ्याचा, हा हिशेब मला पटत नाही.

कोणी म्हणेल, रुंद टायर वाळूत कमी रुततो. खरं आहे. पण माल वाहायचा डांबरावरून, आणि डांबरावर पाणी साचलं की रुंद टायर पाण्यावर तरंगायची भीती जास्त.

कायद्याचंही एक सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत परस्पर फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनीचा माणूस आधी चाकाकडेच बघेल.

म्हणून हौसेला माझा विरोध आहे असं समजू नका. रंग द्या, आरशाला गोंडे लावा, मागे आईचं नाव लिहा. रिमही बदला, पण ऑफसेट आणि बोल्टांचं माप कंपनीचंच ठेवा. टायर घेताना मापापुढचा भाराचा आकडा वाचा: ९७ म्हणजे एका टायरला ७३० किलो, १०० म्हणजे ८००. मूळ टायरपेक्षा तो कमी नको. आणि भिंतीवरचे चार अंक बघा. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. दुकानात बराच काळ पडून राहिलेला टायर 'नवा' म्हणून गळ्यात पडू नये. एवढं वाचायला पाच मिनिटं पुरतात, आणि दुकानदाराला विचारायची लाज वाटू देऊ नका.