परसबाग : पपईचं एकच झाड लावायचंय?

घरामागे थोडी जागा असली की मैत्रिणींनो, आपल्याला पहिली आठवते ती पपई. वर्षाच्या आत फळ हातात देणारं गुणी झाड! पण ‘झाड छान वाढलं हो, फळ मात्र धरत नाही’ ही तक्रारही तुम्ही ऐकली असेल.

आमच्याकडे हेच झालं. बाजारातली पपई गोड निघाली म्हणून सासूबाईंनी तिच्या बिया जपून ठेवल्या. एकच रोप जगलं. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, सगळं त्यालाच! पाच-सहा महिन्यांनी फुलांचे घोस लोंबू लागले. त्यांना कोण आनंद! माझ्या पोटात मात्र गोळा आला. ते झाड नर होतं. त्यांना सांगायला आठ दिवस मला धीर झाला नाही.

पपईच्या तीन तऱ्हा असतात. नराची फुलं लांब देठांवर घोसाने लोंबतात. मादीची फुलं खोडाला चिकटून येतात, बुडाशी फुगीर असतात, फळ गोलसर. पण तिला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. तिसरी उभयलिंगी. तिच्या एकाच फुलात दोन्ही असतं, म्हणून ती एकटीही फळते. तिचं फूल खोडालगतच, पण सडपातळ, आणि फळ लांबट.

तेव्हा जागा एकाच झाडाची असेल तर रोपवाटिकेत जातीचं नाव विचारूनच रोप घ्या. कूर्ग हनी ड्यू, सूर्या, रेड लेडी या जातींत झाडं उभयलिंगी किंवा मादी निघतात. वॉशिंग्टन, पुसा ड्वार्फ या जातीही चांगल्या, पण त्यांत निम्मी रोपं नर निघायची. चार-सहा झाडांची जागा असेल तरच त्या लावा, आणि एक नर राखा.

घरचंच बी हवं असेल तर लांबट पपईचं घ्या. तिला नराचा पराग लागला नसेल, तर तीन रोपांत साधारण दोन उभयलिंगी आणि एक मादी निघते. संकरित जातीच्या बियांना आईचीच चव येईल, असं मात्र नाही.

लहान रोप पाहून काही कळत नाही, फुलं आल्यावरच कळतं. म्हणून दोन फुटी खड्ड्यात वीत-वीत अंतराने तीन रोपं लावा. फुलं आली की एक उभयलिंगी ठेवा, बाकीची काढा. हात कचरतो, पण काढाच. पावसाळ्यापूर्वी बुंध्याला मातीची भर द्या. एक-दोन दिवस पाणी तुंबलं तरी झाड दगावतं. भर उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाची फुलं गळली तर घाबरू नका. हवा निवळली की ते पुन्हा फळ धरतं.

खोडात खिळा ठोकला की नराची मादी होते, असं कुणी सांगेल. त्या भरीला पडू नका.

आमचा नर शेवटी सासूबाईंनीच काढायला लावला. “पाणी घालायला मी आहे, रोप तेवढं पारखून आण,” म्हणाल्या. पुढच्या वर्षी पहिल्या पपईच्या फोडी त्यांनीच केल्या, आणि शेजारी वाटूनही आल्या!