होडी साडेतीन लाखांची, खर्च किती?



रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे शौहर अकरा वर्षे दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहेत. आता गावातली एक वापरलेली फायबरची होडी, तिचे आउटबोर्ड इंजिन आणि थोडी जाळी असे सगळे मिळून ३,५०,००० रुपयांना विकायला निघाले आहे. घरात २,४०,००० रुपये साठलेले आहेत. मेहरमध्ये मिळालेल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या तर दीड लाख येतील. "म्हणजे होडी घेऊनही चाळीस हजार उरतात. बांगड्या मोडू का?" असे त्या विचारतात. १ जूनला मासेमारीबंदी लागण्याआधी इसारा द्यायचा आहे, म्हणून घाई आहे.

उत्तर आधीच देतो. या हिशेबावर बांगड्या मोडू नका. अकरा वर्षे दुसऱ्याचे जाळे ओढणाऱ्या माणसाला स्वतःची होडी असावी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण पत्रातला हिशेब विकत घेण्याच्या दिवशीच संपतो, आणि खर्च त्या दिवशी सुरू होतो.

एवढ्याच आकाराच्या होड्या चालवणाऱ्या दोन नाखव्यांना आम्ही हे पत्र वाचून दाखवले आणि त्यांच्याबरोबर कागदावर आकडे मांडले. हे आकडे या एका होडीपुरते आणि अंदाजाचे आहेत. प्रत्येकाने आपल्या बंदरावर विचारूनच आपले भरावेत.

होडीला तळाशी पॅच मारणे आणि रंग, २५,००० रुपये. इंजिन उघडून साफ करणे, पंखा आणि हाताशी ठेवायचे सुटे भाग, २०,०००. नांगर, दोर, चौघांची लाइफ जॅकेट, जीपीएस, बॅटरी, औषधपेटी मिळून ३०,०००. बर्फाची पेटी आणि क्रेट १०,०००. नाव बदलणे, परवाना, विमा यासाठी १५,०००. आणि जाळी ७०,०००. जाळ्यांचा आकडा ऐकून आम्ही चमकलो, कारण जाळी तर होडीबरोबर मिळणार आहेत. त्यावर मोठे नाखवा हसले. विकणारा आपली चांगली जाळी कधी देतो का, म्हणाले. जुन्यातली निम्मी फार तर कामाला येतात. नवे जाळे म्हणजे नुसते सूत नव्हे, त्याला शिसे, बोये, दोर आणि भरून घेण्याची मजुरीही लागते.

ही बेरीज १,७०,००० होते. म्हणजे होडी पहिल्यांदा पाण्यात जाईल तेव्हा ती ५,२०,००० ची झालेली असेल.

यापुढचा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत. एका फेरीला इंधन, बर्फ आणि शिधा मिळून अडीच हजार धरले, तर मासळी आली की ते निघतात. पण नव्या नाखव्याच्या पहिल्या दोन महिन्यांत पंधरा फेऱ्या तरी रिकाम्या धराव्यात असे दोघांचेही म्हणणे पडले. ते झाले ३७,५००. शिवाय घर चालले पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. त्यानंतरही वादळाचे दिवस जातात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार आणि लगेच नोव्हेंबरात महा, अशी दोन वादळे पाठोपाठ आली आणि ऐन हंगामात होड्या बंदरात उभ्या राहिल्या. २०२१ च्या मे महिन्यात ताउत्के आले. तेव्हा घरखर्च महिन्याला पंधरा हजार धरून चार महिन्यांचे ६०,००० वेगळे काढलेच पाहिजेत.

एकूण ६,१७,५००. बांगड्या मोडूनही हातात ३,९०,०००.

मग उरलेले सव्वादोन लाख कुठून येतात? बहुतेक वेळा बंदरावरच्या व्यापाऱ्याकडून येतात. तो आगाऊ रक्कम देतो, व्याज मागत नाही. अट एकच, मासळी त्यालाच घालायची. "बँकेचे व्याज नको, त्यापेक्षा हे बरे" असे म्हणून आपले लोक ही रक्कम घेतात. ती खरोखर बरी आहे का ते पाहू. समजा एक लाख घेतले. व्यापारी बाजारापेक्षा किलोमागे वीस रुपये कमी देतो. दिवसाला तीस किलो मासळी, महिन्याला वीस दिवस. म्हणजे महिन्याला १२,००० आणि आठ महिन्यांच्या हंगामात ९६,००० रुपये गेले. लाख रुपये मात्र जसेच्या तसे अंगावर. याला कोणी व्याज म्हणत नाही, एवढाच फरक आहे. व्याजाला भिणाऱ्या माणसाने या रकमेला अधिक भ्यायला हवे असे आम्हाला वाटते.

सरकारी मदतीचे काही जण सुचवतील. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिलांना ६० टक्के अनुदान ठरवलेले आहे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयात जाऊन या व्यवहाराला ते लागू होते का हे जरूर विचारावे. पण पैसे खात्यात जमा होईपर्यंत ते हिशेबात जमेला धरू नयेत.

पत्रात दोन गोष्टी जाता जाता लिहिलेल्या आहेत. कुवेतला असलेले दीर एक लाख कर्ज-ए-हसना द्यायला तयार आहेत. आणि शौहरांचे एक खलाशी दोस्त भागीत यायला तयार आहेत, पण "भागीत भांडणे होतात" म्हणून शौहर नको म्हणतात. आम्ही याच दोन ओळींवर थांबलो. होडीचा सगळा खर्च ५,५७,५००, त्याचा निम्मा भाग २,७८,७५०. त्यात आपल्या घराचे ६०,००० मिळवले की ३,३८,७५०. बचत आणि दिरांची रक्कम मिळून ३,४०,००० होतात. बांगड्या कपाटातच राहतात आणि व्यापाऱ्याच्या दारात जावे लागत नाही.

भांडणे होतात हे खरे आहे. ती बहुतेक वाट्यावरून होतात. फेरीचा खर्च वजा जाता उरलेल्या रकमेत होडी-जाळ्याचा वाटा किती, माणसांचा किती, हे पहिल्या फेरीआधी लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. आणि होडीचा वाटा घरात आणू नये. खलाशी असताना हातात येई ते सगळे घराचे होते. नाखवा झाल्यावर तसे राहत नाही. तो वाटा पुढच्या जाळ्यांचा आणि पुढच्या इंजिनाचा आहे, म्हणून भागीदारांच्या संयुक्त खात्यात पडावा. पहिल्या चांगल्या हंगामात याच पैशाने दुचाकी येते आणि दोन वर्षांनी इंजिन बसले की व्यापारी आठवतो, हे आम्ही जवळच्या घरात पाहिले आहे. दिरांची रक्कमही कागदावर यावी, मुदतीसह. घरचा माणूस आहे म्हणून तर नक्कीच.

बांगड्यांबद्दल एक. मेहर तुमची आहे, शौहरांची नाही. उद्या खरोखर मोडायची वेळ आलीच, तर ते कर्ज आहे की होडीतला तुमचा हिस्सा, हे दोघांनी बोलून लिहून ठेवावे. यात अविश्वास कसला?

आता इसाऱ्याचे. होडी वर ओढून तळ पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शौहरांनी भरवशाचा मिस्त्री सोबत न्यावा आणि इंजिन तासभर चालवून पाहावे. पाच मिनिटे कोणतेही इंजिन चालते. नोंदणीची कागदपत्रे विकणाऱ्याच्याच नावावर आहेत का, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा परवाना चालू आहे का, होडीवर बँकेचा किंवा मच्छीमार सोसायटीचा बोजा आहे का, हे पाहावे. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला विकणाऱ्यानेच आणून द्यावा. आणि व्यवहार ठरलाच, तर ताबा जुलैत मागा. बंदीचे दोन महिने होडी कुठे ठेवायची, शाकारायची कोणी, ही काळजी तोवर विकणाऱ्याची राहील.