एक दिवस कॉलेज स्ट्रीटला द्या

कोलकात्याला निघालात? मग सहल कंपनीने दिलेला कागद एकदा नीट वाचा. हावडा पूल, व्हिक्टोरिया, कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, सगळं त्यात असतं. कॉलेज स्ट्रीट बहुधा नसतो. यातलं एखादं ठिकाण खुशाल गाळा आणि तो दिवस या 'बोईपाड्यात', म्हणजे पुस्तकांच्या मोहल्ल्यात काढा. फक्त रविवार टाळा, बहुतेक दुकानं बंद असतात. मेट्रोने महात्मा गांधी रोड स्थानकावर उतरलात की पुढे चालत जाता येतं.

आधी पोटोबा. पुटिरामकडे सकाळची गरम कोचुरी खा. शाकाहारी मंडळींनी बंगालला उगाच घाबरू नये. मग दुकानं. १८८६ पासूनचं दासगुप्ता आहे, पण खरी गंमत फुटपाथवरच्या टपऱ्यांत. बंगाली वाचता येत नाही म्हणून मागे फिरू नका, इंग्रजी पुस्तकांचेही ढीग आहेत. पहिल्या फेरीत नुसतं पाहा. जुन्या पुस्तकाला घासाघीस करायला लाजू नका. तो विक्रेताही तेच धरून बसलेला असतो.

आणि सखाराम गणेश देऊस्करांचं नाव जरूर काढा. मराठी घराण्यातला हा माणूस बंगालीत लिहिता झाला. त्यांचं 'देशेर कथा' १९०४ साली आलं आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांना ओळखणारे किती निघतील?

दुपारी भवानी दत्त लेनमधल्या स्वाधीन भारत हिंदू हॉटेलात मासे-भात जेवा. मोहरीचं तेल पहिल्या घासाला नाकात जातं, दुसऱ्या-तिसऱ्याला जमतं. घरून नेलेली चटणी पिशवीतच राहू द्या.

नंतर आल्बर्ट हॉलमधलं कॉफी हाऊस. ते कामगारांची सहकारी संस्था चालवते, वाढपी अजून पगडी घालतात. कॉफी, खरं सांगायचं तर, बेताचीच. पण अंड्याच्या जाळीत तळलेलं कोबिराजी कटलेट मागवा आणि नवी पुस्तकं तिथेच चाळा. कोणी उठवत नाही. ऊन फारच असेल तर जवळच १९१८ पासूनचं पॅरामाउंट आहे, तिथलं शहाळ्याचं सरबत प्या.

जायचं थंडीतच. खजुराच्या नव्या गुळाचा संदेश तेव्हाच मिळतो. तो मात्र शेवटच्या दिवशी घ्या, आणि विमानाने येणार असाल तर पुस्तकांचं वजन आधी करून पाहा.