पडद्यावरचं भरीत आणि कोपऱ्यातली आजी
पारावरच्या गप्पा



कणगी भरलेली असो की अर्धी, दिवेलागण झाली, गुरांपुढं वैरण पडली, की घरातली चार माणसं टीव्हीसमोर टेकतात. कधी भारूड लागतं, कधी गोंधळ, कधी कुण्या गावच्या चुलीवरचं भरीत दाखवतात. मग घरात काय होतं ते जरा आठवून बघा. लेकरं म्हणतात, "हे तर आपल्याकडंच असतं!" आणि कोपऱ्यात बसलेली आजी हळूच म्हणते, "छ्या, असं नसतंय करीत." तिच्याकडं कुणी मान वळवून बघत नाही. तेवढ्यात ताटं येतात आणि तिचं वाक्य तिथंच विरून जातं.

आज मला बोलायचंय ते त्या विरून गेलेल्या वाक्याबद्दल. कार्यक्रम चांगलाच आहे. पण तो संपल्यावर आजी जे बोलणार असते, ते त्याहून मोलाचं आहे. कार्यक्रम उद्या परत लागेल. आजी परत लागणार नाही.

आधी या दूरदर्शनचं आपल्यावर जे देणं आहे, ते मोकळेपणानं मान्य करू. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याच्या भागात चित्र दिसू लागलं. खेड्यापाड्यांत पोचायला मात्र ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. १९८३ साली इन्सॅट-१बी उपग्रह आकाशात गेला, पाठोपाठ ठिकठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, आणि मग कौलांवर, पत्र्यांवर अँटेना दिसू लागल्या. गावात एखाद-दुसरा संच आणि त्याच्यासमोर अर्धी आळी. वारा सुटला की एकानं वर चढून अँटेना फिरवायची आणि खालून बाकीच्यांनी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!"

त्या दिवसांतला आपल्या माणसांचा कार्यक्रम म्हणजे 'आमची माती, आमची माणसं'. त्यातल्या 'गप्पागोष्टीं'मध्ये राजा मयेकर, माया गुजर यांच्यासारखे कलावंत शेतीतल्या गोष्टी बोलण्याच्या ओघात सांगून जात. राजा मयेकर हे लोकनाट्यात गाजलेले, शाहीर साबळ्यांच्या पथकात काम केलेले. एकानं भाबडेपणानं विचारायचं आणि दुसऱ्यानं फिरकी घेत उत्तर द्यायचं, ही वगातली जुनी रीत शेतीच्या माहितीला जोडली गेली आणि माहिती गोड झाली. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आपल्यासारखं बोलणारी माणसं पडद्यावर आली आणि त्यांच्या बोलण्याला कुणी हसलं नाही. शहरात गेल्यावर तोंड उघडायला बिचकणाऱ्या किती जणांना त्यानं धीर आला असेल!

पुढं १९९४ साली मराठीसाठी दूरदर्शनची उपग्रह वाहिनी आली, तीच आजची 'सह्याद्री'. २६ मे २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी 'डीडी किसान' सुरू झाली. फ्री डिशची छत्री असेल तर दरमहा भाडं न भरता आजही सह्याद्री दिसते. पोटापाण्याच्या ओढाताणीत असलेल्या घराला हे सोयीचं आहे. तेव्हा दूरदर्शनला नावं ठेवायला मी बसलेलो नाही.

पण मंडळी, वापशाशिवाय पेरणी होत नाही. पाऊस पडला म्हणजे पीक आलं असं नसतं. जमिनीनं ते पाणी धरावं लागतं. कार्यक्रम हा पाऊस आहे. धरणारी जमीन म्हणजे तुमचं-आमचं घर.

आता जात्यावरच्या ओवीचंच बघा. ती काही मैफलीत म्हणायला झालेली नाही. पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचं, दोघींनी खुंटा धरायचा, पायली-दीड पायली दळायचं. हाताला जी लय लागे तीच ओवीची लय. आणि त्या अंधारात बाई काय गायची? माहेर, भाऊ, आईची आठवण, पंढरीचा विठोबा, सासुरवास, दुष्काळ. दिवसा ज्याच्याबद्दल तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती, ते जात्याला सांगायची. गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या हातांची सुटका झाली. फार चांगलं झालं. त्या कष्टाचे गोडवे गाऊ नयेत. पण दळण थांबलं तशी ओवीही थांबली. तीच गत मोटेवरच्या गाण्यांची. इंजिन आलं, मागून वीज आली, मोट अडगळीत गेली आणि गाणं विहिरीच्या थारोळ्यातच राहिलं. भलरीचंही तसंच. कामाला बांधलेलं गाणं काम संपलं की निराधार होतं.

टीव्हीवर ओवी येते तेव्हा जातं मधोमध मांडलेलं असतं, बायका नवी लुगडी नेसून बसलेल्या असतात, आणि वेळ असते पाच-सात मिनिटांची. तेवढ्या वेळात चार-दोन ओव्या होतात. जिला दोनशे येतात तिच्या उरलेल्या ओव्यांचं काय? त्या तिच्याजवळच राहतात आणि तिच्याबरोबर जातात.

हे प्रमाण केवढं मोठं आहे, त्याचा एक दाखला देतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या! त्यांत सीता आहे, विठोबा आहे, बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. गावाच्या सगळ्या वस्त्यांतल्या बायकांनी त्या दिल्या. यांतल्या बहुतेकींना कुणी कधी स्टेजवर बोलावलेलं नव्हतं. विचारणारं कुणी आलं म्हणून त्या गायल्या. आज 'परी' या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ओव्या ऐकायला मिळतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. एक लाख ओव्या कुठल्या कपाटात नव्हत्या. तुमच्या-आमच्या माजघरात होत्या.

खाण्याचंही तेच आहे. खानदेशातलं भरीत पडद्यावर दाखवतात तेव्हा तोंडाला पाणी सुटतं. पण भरीत म्हणजे नुसती कृती नव्हे. त्याला ते मोठं हिरवट वांगं लागतं, भाजायला कापसाच्या काड्यांचा जाळ लागतो, ठेचायला लाकडी बडगी लागते, आणि सोबत कळण्याची भाकरी. यांतलं एक सुटलं की चव हलते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळालं, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला मिळालं. सरकारनंही मान्य केलं की चव ही त्या मातीशी आणि त्या बियाण्याशी बांधलेली असते. मग विचार करा: हुरड्याचा कार्यक्रम आपण आवडीनं बघतो, पण गुळभेंडीचं मूठभर बी आपल्या घरात आहे का? कोणत्या दिवशी कणीस हुरड्याला येतं, हे दाणा दाबून सांगणारं घरात कोण उरलंय? संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचं म्हणून पाळलं. ज्वारी-बाजरी-नाचणीचे सगळीकडं गोडवे झाले. पण थापून भाकरी करायला नातीला शिकवलं ते कुठल्या कार्यक्रमानं नव्हे, आजीनंच.

कुणी म्हणेल, "आता सगळं रेकॉर्ड होतंय, जातंय कुठं?" त्यांना एक सांगावंसं वाटतं. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात टेपा महाग होत्या. एका कार्यक्रमाची टेप पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेतला जाई. त्यामुळं त्या काळातलं कितीतरी कायमचं गेलं. जे वाचलं त्यांतलं काही आता मोबाईलवरही बघायला मिळतं, हे खरं. पण टेपेवर असलं म्हणजे टिकलं, असं समजून गाफील राहू नये. बियाण्याचं जसं असतं तसंच हे. एकाच कोठारात ठेवलं तर एका टोळधाडीत जातं. दहा घरांत वाटलं तर दुष्काळातही वाचतं.

मग करायचं काय? त्याचं उत्तर आपल्याच मुलखात होऊन गेलंय. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं, युनेस्कोच्या मदतीनं, एक प्रयोग केला. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावं निवडली. गावात वीसेक माणसांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, आणि रेडिओ बंद झाल्यावर उठायचं नाही, त्यावर बोलायचं. ऐका, चर्चा करा, कृती करा, एवढंच त्याचं सूत्र. पुढं तपासणी झाली तेव्हा दिसलं की जिथं असं मंडळ होतं तिथल्या माणसांच्या डोक्यात खूप जास्त उतरलं; जिथं मंडळ नव्हतं तिथं फारसं नाही. आवाज तोच होता. फरक केला तो नंतरच्या बोलण्यानं.

तेच आपल्या घरात करायला काय हरकत आहे? आठवड्यातून एक कार्यक्रम ठरवा. गाण्याचा असो, सणाचा असो, खाण्याचा असो. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघा. संपला की टीव्ही बंद करा आणि पंधरा मिनिटं बसा. घरातल्या सगळ्यांत थोरल्या बाईला विचारा, "आजी, तुमच्या वेळी कसं होतं?" ती पहिल्यांदा म्हणेल, "मला काय येतंय बाई!" तिथं थांबू नका. "टीव्हीवाल्यांनी काय चुकीचं केलं?" असं विचारा. मग बघा, कशी बोलायला लागते!

ती काय बोलते ते लेकरांनी वहीत उतरवून घ्यावं. ओवी असेल तर मोबाईलवर आवाज धरावा, पण आधी तिला विचारून. सगळंच चारचौघांत वाजवायचं नसतं. वहीत तिचं नाव, माहेरचं गाव आणि तारीख लिहावी. 'लोकगीत' एवढंच लिहून मोकळं होऊ नये. ज्या तोंडून आलं त्या तोंडाचं नाव त्याला लागलंच पाहिजे.

पदार्थ असेल तर पुढच्या रविवारी तो करावा, आणि लेकांनाही चुलीपाशी बसवावं. बी लागत असेल तर बांधाला दोन ओळी टाकाव्यात. वासुदेव, गोंधळी, पोतराज दारी आला तर सुपातून मूठभर धान्य टाकून वाटेला लावू नये. घटकाभर बसवून ऐकावं. आणि जत्रेला कलावंत बोलावला तर सुपारी ठरल्याप्रमाणं आणि वेळेवर द्यावी. टीव्हीसमोर टाळ्या वाजवायच्या आणि मांडवात बिदागीसाठी ताटकळत ठेवायचं, हे बरं नव्हे.

पिकतं तिथं विकत नाही, अशी आपली जुनी म्हण. परमुलखातल्या माणसानं कॅमेरा लावला की मग आपल्याला आपल्या भाकरीचं कौतुक वाटतं. वाटू द्या, त्यात वाईट काही नाही. पडद्यानं एवढं केलं तरी त्याचे उपकारच. फक्त त्याच्यापुढचं काम पडद्याचं नाही, ते आपलं आहे.

या आठवड्यात पुन्हा ते "छ्या, असं नसतंय करीत" ऐकू आलं, तर आवाज बारीक करा आणि मान वळवून विचारा, "मग कसं करतात, आजी?"

बरंय मंडळी, पुढच्या आठवड्यात भेटू. रामराम!